मानेतील स्नायूंचे रचनाभेद : प्रस्तावना

शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथांत जी मान वर्णिलेली असते ती वस्तुतः कोणा एका मनुष्याची मान नसते. अनेक शवांच्या विच्छेदनात जे जे बहुसंख्येने आढळले ते एकत्र करून ग्रंथकारांनी अध्यापनाच्या सोयीसाठी सिद्ध केलेला तो एक नमुना असतो. आणि विद्यार्थ्याने हा नमुना कितीही निष्ठेने मुखोद्गत केला, तरी विच्छेदनगृहातील पहिल्याच टेबलावर त्याला असा एखादा स्नायू भेटण्याचा संभव असतो, की ज्याचे नाव त्याच्या पुस्तकात नाही, किंवा नाव आहे पण ज्याने आपला उगम, आपली दिशा अथवा आपली फाटणी बदललेली आहे. अशा फरकांना रोग म्हणता येत नाही, कारण ज्याच्या मानेत ते असतात तो मनुष्य बहुधा त्यांची वार्ताही नसता आयुष्य कंठून जातो. आणि त्यांना विकृती म्हणणेही सयुक्तिक नव्हे, कारण विकृतीत कार्याची हानी गृहीत असते व येथे तशी हानी क्वचितच दिसते. म्हणून पुढील प्रकरणांत त्यांना 'रचनाभेद' हीच साधी व निरुपद्रवी संज्ञा वापरली आहे.

हे भेद विरळ असतात अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती आकड्यांपुढे टिकत नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील शरीरशास्त्रज्ञ जॉन वुड यांनी गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात, 1860 नंतरच्या दशकात, केवळ स्नायूंच्या भेदांसाठी शवे तपासण्याचा उपक्रम हाती घेतला, तेव्हा एका मालिकेतील 36 शवांत त्यांना 295 भेद आढळले, आणि तितक्याच शवांच्या दुसऱ्या मालिकेत 558. तेही शरीराच्या दोन्ही बाजूंस सारखा असलेला भेद एकच धरून. या दुसऱ्या मालिकेतील एकही शव पाठ्यपुस्तकातील वर्णनाशी सर्वांशी जुळले नाही, आणि एका शवात तर 25 निरनिराळे भेद एकवटले होते. चार्ल्स डार्विन यांनी 1871 साली प्रसिद्ध केलेल्या मनुष्याच्या उत्पत्तीविषयीच्या ग्रंथात हे आकडे आवर्जून घेतले, ते याच कारणासाठी, की जीवजातीतील व्यक्तिव्यक्तींत फरक असतो हे त्यांच्या सिद्धांताचे अधिष्ठान होते व वुड यांच्या टेबलावरील निनावी मृतांनी त्याची अनायासे साक्ष दिली होती. पुढे फ्रान्समध्ये तेस्त्यू यांनी 1884 मध्ये व ल दूब्ल यांनी 1897 मध्ये, आणि आयर्लंडात व इंग्लंडात मॅकॅलिस्टर यांनी अशा भेदांच्या मोठ्या याद्या सिद्ध केल्या. त्या याद्या चाळताना जो विचार प्रथम मनात येतो तो हा, की नियम म्हणून ज्यास आपण मानतो तो बहुमताचा निर्णय आहे, आणि अल्पमत नामशेष झालेले नाही.

ज्यांचा महसुली दफ्तराशी कधी संबंध आला आहे त्यांना ही गोष्ट समजण्यास प्रयास पडू नयेत. गावनमुन्यात गटाचे क्षेत्र, आकार, खातेदार व पीकपाहणी यांची नोंद असते, आणि या नोंदीवाचून ना वसुली होईल ना वाटप. परंतु ओढ्याने बांध किती खाल्ला, मुरमाखाली खडक कोठे लागतो, शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी कोणत्या कोपऱ्यात पाझरते, हे पाहण्यासाठी बांधावर पाय ठेवावाच लागतो. आणि जो कामगार दफ्तर खरे मानून जमीन खोटी ठरवतो तो तंट्याचे बीज पेरतो. शरीराच्या बाबतीत दफ्तर म्हणजे पाठ्यपुस्तक, आणि जमीन म्हणजे समोर आलेला मनुष्य. या पुस्तकाचा सारा मथितार्थ एवढाच आहे. उरलेले सर्व त्याचे पुरावे व तपशील होत.

हे पुरावे गोळा करण्यासाठी शरीरातील इतर प्रदेश सोडून मानच का निवडली, याचा खुलासा करणे आवश्यक आहे. डोके व धड यांच्यामधील हा जेमतेम वीतभर लांबीचा प्रदेश; पण श्वासनलिका, अन्ननलिका, मेंदूस रक्त पोचवणाऱ्या व मेंदूतून ते परत आणणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, हाताकडे निघालेले मज्जातंतूंचे जाळे, स्वरयंत्र, अवटु ग्रंथी आणि लसीकाग्रंथींच्या माळा हे सर्व त्यातूनच जाते किंवा त्यातच वसते. छातीला फासळ्यांचा पिंजरा आहे, मेंदूला कवटी आहे. मानेच्या पुढच्या बाजूस मात्र स्नायूंच्या पट्ट्यांखेरीज संरक्षण नाही. जुन्नर वनविभागातील उसाच्या फडांत वाढलेला बिबट्या भक्ष्याचा गळाच धरतो, त्याचे कारण हेच. आणि 2025 साली जुन्नर व आंबेगाव यांना लागून असलेल्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेडच्या परिसरात शेतावर जाणारी माणसे गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालू लागली, तेव्हा त्यांनी शरीररचनेचा हा धडा कोणत्याही पुस्तकाविना पढला होता.

आपल्याकडील प्राचीन शास्त्रकारांनीही मानेचा विचार केलेला आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मनुष्यशरीरातील पेशींची, म्हणजे स्नायूंची, संख्या 500 दिली असून, त्यांपैकी 400 हातापायांत, 66 कोष्ठात (धडात) आणि 34 मानेपासून वरच्या भागात सांगितल्या आहेत. या 34 पैकी प्रत्यक्ष मानेच्या वाट्याला केवळ चार येतात, तर हनुवटीच्या व जबड्याच्या प्रदेशाला आठ. आधुनिक गणनेप्रमाणे मानेच्या एकेका बाजूसच वीसहून अधिक स्नायू मोजता येतात. तथापि एवढ्यावरून सुश्रुताची गणना कच्ची म्हणून निकालात काढणे उतावीळपणाचे होईल. शव मुंज, वल्कल किंवा कुश यांत गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात सात दिवस कुजू द्यावे आणि मग वाळा, केस, बांबू इत्यादींच्या कुंचल्याने हळूहळू घासून त्वचेपासून आतील एकेक अवयव डोळ्यांनी पाहावा, ही जी रीत त्याने घालून दिली, तिच्यात पातळ पट्ट्या गळून जाणार व जाड पुंजके तेवढे शिल्लक राहणार हे उघड आहे. शस्त्राने थर सोडवण्याची पद्धत आणि कुंचल्याने थर झिजवण्याची पद्धत यांची उत्तरे एक येणे शक्यच नाही. शिवाय पेशींच्या संख्येत उदार नसलेला हा आचार्य मर्मांच्या बाबतीत मात्र फार सावध आहे: 107 मर्मांपैकी 37 त्याने जत्रूच्या, म्हणजे गळ्याच्या हासळीच्या, वर मानली, आणि कंठाच्या दोन्ही बाजूंच्या नीला, मन्या व मातृका यांचा निर्देश करताना तेथील घाव प्राणावर बेततो, वाचा किंवा चव नेतो, हे नमूद केले. स्नायूंची मोजदाद चुकली तरी चालेल, पण त्यांच्या आड काय आहे याचा विसर पडता कामा नये, हा शस्त्रवैद्याचा दृष्टिकोन त्यात स्पष्ट दिसतो.

आता प्रश्न राहतो तो या विषयाचा जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांशी संबंध काय, हा. सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेच्या सपाटीपर्यंत पसरलेला, कुकडी, मीना, पुष्पावती व घोड या नद्यांनी विभागलेला हा मुलूख इतिहासाच्या आरंभापासून ओझी वाहणाऱ्या मानांचा मुलूख आहे. कोकणच्या बंदरांतून नाणेघाट चढून येणारा माल सातवाहनांच्या काळी जुन्नरच्या पेठेत पोचत असे, आणि घाटाच्या माथ्यावर आजही जो प्रचंड दगडी रांजण दाखवतात त्यात जकात पडत असे अशी परंपरा आहे. जकातीचा हिशेब राजाकडे गेला, परंतु चढणीवर तो माल ज्यांच्या डोक्यावरून, खांद्यावरून आणि बैलांच्या पाठीवरून आला त्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही. मलिक अहमदाने 1490 साली जुन्नरास निजामशाहीचा पाया घातला, 1630 साली शिवनेरीवर शिवछत्रपतींचा जन्म झाला, राजवटी आल्या व गेल्या. पण चुंबळीवर हंडा-कळशी तोलून ओढ्यावरून घरी येणारी बाई, भीमाशंकरच्या रानातून मोळी किंवा हिरड्याचे पोते उतरवणारा महादेव कोळी, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट आणि ओतूर-मंचरच्या बाजारात कांद्याची पोती मानेच्या मागल्या बाजूवर घेऊन धावणारा हमाल, यांच्या मानेने करावयाचे काम फारसे बदललेले नाही. माणसाची मान कशी बांधली आहे हे जाणण्याची उत्सुकता ज्या प्रदेशात स्वाभाविक मानावी, असा हा प्रदेश आहे.

तथापि याहूनही मोठे कारण येथील गोठ्यांत सापडते. जुन्नर-आंबेगावचा शेतकरी यात्रेतील बैलगाड्यासाठी खिलार खोंड पारखताना प्रथम मान व वशिंड पाहतो. बैलगाडा शर्यतींवरील 2014 च्या बंदीनंतर, डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यावर पुन्हा भरू लागलेल्या घाटांत काही सेकंदांची बारी मारणाऱ्या त्या जनावराचे वशिंड हा निव्वळ चरबीचा गोळा आहे असा पुष्कळांचा ग्रह असतो. वस्तुतः वशिंडाचा गाभा हा ऱ्हॉम्बॉइडियस नावाच्या स्नायूचा आहे, म्हणजे मानेच्या व पाठीच्या मध्यरेषेपासून खांद्याच्या फऱ्याकडे जाणाऱ्या त्याच स्नायूचा, जो युरोपातील बिनवशिंडाच्या गुरांत चपटा पडून राहिलेला असतो व मनुष्यात फऱ्याला पाठीच्या कण्याकडे ओढून धरतो. एका जातीत चपटा पट्टा असलेला स्नायू दुसऱ्या जातीत डोंगरासारखा उभा राहतो, आणि कृषिसंस्कृतीने त्याच उंचवट्याच्या पुढे जू टेकवून सहस्रावधी वर्षे नांगर ओढवला. रचनाभेद म्हणजे पुस्तकी पंडितांची कुतूहलवस्तू असे ज्यांना वाटते त्यांनी जवळच्या गोठ्यात जाऊन आपल्या मताचा फेरविचार करावा.

बैलाची मान मनुष्याच्या मानेवर आणखीही प्रकाश टाकते. अंगावर माशी बसली की बैल शेपूट न हलवता कातडी थरकवून तिला उडवतो. त्वचेखालील हा स्नायूंचा पडदा बहुतेक सस्तन प्राण्यांच्या अंगभर पसरलेला असतो, आणि माणसाकडे त्याचा जो मोठा अवशेष राहिला तो म्हणजे जबड्यापासून छातीच्या वरच्या भागापर्यंत उतरणारा प्लॅटिस्मा. अवशेष असल्यामुळेच की काय, याच्या लहरीपणाला सीमा नाही: कोणात तो जाड व रुंद असतो, कोणात दोन्ही बाजूंचे तंतू हनुवटीखाली एकमेकांत गुंफलेले असतात, तर कोणात तो जवळजवळ नसल्यासारखा असतो.

बैलाला गळ्याची हासळी, म्हणजे जत्रुकास्थी, नसते. बिबट्यात ती स्नायूंच्या आत तरंगणाऱ्या लहानशा कपच्याएवढी उरते. मनुष्यात व वानरांत ती खांद्याला छातीशी जोडणारा मजबूत दांडा असते. साहजिकच मान व खांदा यांमधील स्नायूंची मांडणी प्रत्येकात वेगळी झाली. चतुष्पादांत मानेच्या पहिल्या मणक्याकडून फऱ्याकडे जाणारा एक स्नायू नित्य असतो. वानरांत त्याचाच सजातीय जत्रूच्या बाहेरच्या भागाला चिकटतो. मनुष्यात तो सामान्यतः नसतो. परंतु शंभरातील एक ते तीन माणसांच्या मानेत तो आढळतो, आणि त्यास लेव्हेटर क्लॅव्हिक्युली म्हणजे जत्रू उचलणारा असे नाव आहे. दुसऱ्या शतकातील गेलनने माकडांचे विच्छेदन करून मनुष्याचे वर्णन केले, आणि व्हेसेलियसने 1543 मध्ये त्याच्या चुका उघड केल्या, हा इतिहास वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असतो. पण माकडाची म्हणून हद्दपार केलेली एखादी रचना शेकड्यात एखाद्या माणसाच्या मानेत वारसाहक्काने ठाण मांडून असते, हे मात्र त्याला क्वचितच सांगितले जाते. तीच गोष्ट ऱ्हॉम्बॉइडियसच्या वर चढून कवटीच्या मागच्या भागास भिडणाऱ्या तंतूंची: मार्जारकुळात ते नियमाने असतात, म्हणून माणिकडोहच्या निवारा केंद्रातील बिबट्यात ते असणारच, माणसात ते अत्यंत विरळ, पण अश्रुत नाहीत.

उलट दिशेचे उदाहरणही आहे. फऱ्यापासून निघून जत्रूच्या मागून वळसा घेत कंठिकास्थीकडे चढणारा, मध्ये बारीक दोरीसारखा झालेला ओमोहायॉइड हा स्नायू मनुष्यात सामान्यतः असतो, पण मांसभक्षक प्राण्यांत तो नसतो. असे असूनही मनुष्यात त्याचे वर्तन सर्वांत अस्थिर आहे: फऱ्याऐवजी जत्रूपासून निघणे, एका बाजूस दुहेरी होणे, शेजारच्या स्टर्नोहायॉइडमध्ये विलीन होणे, किंवा अजिबात नसणे, हे सर्व त्याच्या नावावर नोंदलेले आहे. यावरून प्रत्येक रचनाभेद हा पूर्वजांकडे परतण्याचा प्रकार आहे, हे जे सरसकट विधान काही जुन्या ग्रंथांत आढळते, ते ग्राह्य धरता येत नाही, असे दिसून येईल. काही भेदांचा दाखला पूर्वजांच्या वंशावळीत मिळतो. काहींचा मात्र गर्भाच्या घडणीतच शोधावा लागतो.

गर्भातील घडण ही या विषयाची दुसरी किल्ली होय. मानेच्या बाजूस कानामागून तिरकस उतरणारा स्टर्नोक्लीडोमास्टॉइड आणि पाठीमागचा ट्रॅपिझियस हे दोन मोठे स्नायू गर्भावस्थेत एकाच समाईक पिंडातून वेगळे होतात, आणि म्हणूनच दोघांचाही मुख्य मज्जातंतू एकच, मेंदूकडून येणाऱ्यांपैकी अकरावा. ही वाटणी जर पूर्ण झाली नाही, किंवा हिस्से वेगळ्या जागी तुटले, तर प्रौढाच्या मानेत दोहोंमधील मोकळ्या त्रिकोणात जादा पट्ट्या दिसतात. जत्रूपासून निघून थेट कवटीच्या मागच्या कडेस जाणारा क्लीडो-ऑक्सिपिटल हा पट्टा त्यांतील प्रमुख, आणि तो मुळीच दुर्मीळ नाही. जबड्याखालील डायगॅस्ट्रिक हा दोन पोटांचा स्नायू तर दोन निरनिराळ्या घराण्यांचा संयुक्त संसार आहे: त्याचे पुढचे पोट गर्भाच्या पहिल्या कंठकमानीतून येते व मागचे दुसरीतून, पहिल्याचा मज्जातंतू पाचवा, दुसऱ्याचा सातवा. पुढच्या पोटाला हनुवटीखाली एक, दोन किंवा अधिक पुरवण्या जोडलेल्या सापडतात, कधी एकाच बाजूला, कधी मध्यरेषा ओलांडून, तेव्हा त्या पहिल्या कमानीतील द्रव्याच्या अनियमित विभागणीची साक्ष देतात. यास्तव अनोळखी स्नायू कोणाचा, हा वाद उत्पन्न झाला म्हणजे निवाडा त्याच्या आकारावरून किंवा जागेवरून न करता त्याला कोणता मज्जातंतू येतो यावरून करावा, हा शरीरशास्त्रज्ञांचा जुना शिरस्ता आहे. आणि काही अपवाद वगळता तो विश्वासार्ह ठरला आहे.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे भाग आहे. जुन्नरच्या हमालाची मान सामान्य कारकुनाच्या मानेपेक्षा जाड असते ही गोष्ट खरी. पण ती जाडी असलेल्या स्नायूंच्या पुष्टीमुळे येते, नवा स्नायू उत्पन्न झाल्यामुळे नव्हे. ओझ्याने स्नायू मोठा होतो, स्नायूंची संख्या वाढत नाही. आणि बापाने कमावलेली जाडी मुलाच्या गर्भावस्थेत उतरत नाही. याहून गंभीर प्रमाद एकोणिसाव्या शतकातील काही युरोपीय पंडितांनी केला: ज्या वंशांना ते हीन मानीत त्यांच्या शरीरांत प्राण्यांसारखे स्नायू अधिक असतात असे सिद्ध करण्याचा त्यांनी खटाटोप मांडला, आणि मूठभर शवांवरून अवघ्या मानवसमूहांची प्रतवारी लावली. वुड यांची 36 आणि 36 शवे लंडनचीच होती, आणि दुसऱ्या मालिकेतील एकही भेदांपासून मुक्त नव्हते, एवढे एकच उत्तर त्या खटाटोपास पुरेसे आहे. महादेव कोळी, ठाकर, मराठा, माळी, मुसलमान, ब्राह्मण अशी मानेची वर्गवारी करू पाहणाऱ्यास या पुस्तकात काहीही सामग्री मिळणार नाही.

शास्त्रीय कुतूहलाइतकाच किंबहुना त्याहून अधिक तातडीचा असा या विषयाचा व्यावहारिक भाग आहे. आपल्या ग्रामीण भागात पुरुषांत तंबाखू-चुना आणि स्त्रियांत मिशेरी यांचा प्रसार किती आहे हे सांगणे नको, आणि त्यांच्यापायी होणारा तोंडाचा कर्करोग प्रथम मानेतील लसीकाग्रंथींत उतरतो हेही सर्वश्रुत आहे. त्या ग्रंथी समूळ काढण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेतील जॉर्ज क्राइल यांनी 1906 मध्ये पद्धतशीर मांडली, तीत स्टर्नोक्लीडोमास्टॉइड, आतील मोठी शीर आणि अकरावा मज्जातंतू यांचा बळी द्यावा लागे व रोग्याचा खांदा लुळा पडे. पुढे अर्जेंटिनातील सुआरेझ प्रभृतींनी हे तिन्ही वाचवून ग्रंथी तेवढ्या काढण्याचा मार्ग दाखवला. पण जे वाचवावयाचे ते ओळखता आले पाहिजे. ओमोहायॉइडचा बारीक मध्यभाग आतील मोठ्या शिरेवरून ओलांडतो, म्हणून शस्त्रवैद्य त्यास खूण मानतो. ती खूणच जर जागेवर नसेल, तर हात कोठे थांबवावा? जत्रू उचलणारा तो जादा स्नायू स्कॅनच्या आडव्या छेदात गोल दिसतो आणि वाढलेली ग्रंथी म्हणून त्याची नोंद होण्याची धास्ती असते. हनुवटीखालची डायगॅस्ट्रिकची पुरवणीही अशीच गाठ म्हणून फसवते. गलगंडाच्या शस्त्रक्रियेत कंठिकास्थीपासून अवटु ग्रंथीकडे उतरणारी एक लहानशी स्नायुपट्टी, बहुधा डाव्या बाजूला, अचानक आडवी येते.

अत्यवस्थ रोग्याच्या मानेत सुई घालून आतील मोठ्या शिरेत नळी बसवताना डॉक्टर स्टर्नोक्लीडोमास्टॉइडच्या दोन मुळांमधील त्रिकोणी खळगा बोटाने चाचपतो. एक मूळ उरोस्थीवर, दुसरे जत्रूवर, अशी ती ग्रंथोक्त खूण. जत्रूवरील मूळ जेव्हा दोन-तीन पट्ट्यांत फाटलेले असते किंवा इतके रुंद असते की खळगाच उरत नाही, तेव्हा केवळ बोटावर विसंबणारा मनुष्य चकतो. अल्ट्रासाउंडने पाहून सुई घालण्याची पद्धत आता रूढ होत आहे तिचे समर्थन यातच आहे. मानेच्या बुडाशी पहिल्या फासळीला चिकटणाऱ्या स्केलीन स्नायूंमधून हाताकडे जाणारी धमनी व मज्जातंतूंचे जाळे बाहेर पडते. तेथे स्केलीनस मिनिमस नावाचा जादा तंतुपुंज, मानेच्या सातव्या मणक्याची जादा फासळी, किंवा जाळ्याचे पाचवे-सहावे मूळ पुढच्या स्केलीनला भेदून जाणे, यांपैकी काही असले, तर हाताला मुंग्या येणे व बोटे दुबळी होणे या तक्रारी उद्भवू शकतात. खांद्यावर रोज ओझे घेणाऱ्या मनुष्याच्या अशा तक्रारीस 'कामाने होते' एवढे म्हणून परत पाठवणे योग्य नाही. तान्ह्या मुलाची मान एका बाजूस कलून हनुवटी दुसरीकडे वळली असेल, तर स्टर्नोक्लीडोमास्टॉइड आखडलेला असण्याचा संभव असतो. हा मात्र रचनाभेद नसून विकार आहे, आणि वेळेवर व्यायाम सुरू केल्यास बहुतेक मुले शस्त्रक्रियेवाचून बरी होतात. म्हणून दृष्ट किंवा ग्रहदशा यांत वेळ दवडू नये.

हे सर्व ज्ञान ज्यांच्या देहांतून आले त्यांचा उल्लेख न करता ही प्रस्तावना संपवणे कृतघ्नपणाचे ठरेल. 1836 साली कलकत्त्यास मधुसूदन गुप्त यांनी रूढीचा कोप पत्करून शवविच्छेदन केले, 1845 मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, आणि पुण्यास ससून रुग्णालयाच्या आश्रयाने वाढलेल्या बैरामजी जीजीभाई वैद्यकीय शाळेचे 1946 मध्ये महाविद्यालयात रूपांतर झाले. परंतु विच्छेदनासाठी देह कोठून आणावयाचे हा प्रश्न सर्वत्र सारखाच होता. 1949 च्या मुंबई अॅनाटॉमी कायद्याने त्याचे उत्तर दिले: ज्यांचा कोणी वारस पुढे येत नाही, अशा मृतांचे देह मान्यताप्राप्त संस्थांना द्यावेत. कायद्याच्या भाषेत ते बेवारस. पण त्यांच्यांतील कोणी घाट उतरून मजुरीसाठी शहरात आलेला असेल, कोणी फलाटावर मेलेला असेल, आणि ज्याच्या मानेतील जादा स्नायूची नोंद एखाद्या नियतकालिकात वय, लिंग व बाजू एवढ्यावर आटोपली, त्याच्या आयुष्याचे दफ्तर त्या नोंदीत कोठेच नसते. स्वेच्छेने देहदान करणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढत आहे ही समाधानाची गोष्ट. कारण गरिबाच्या देहावर शिकून श्रीमंताच्या मानेवर शस्त्र चालवण्याचा प्रघात त्यामुळे काही अंशी तरी न्याय्य होतो.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडके सांगून आवरते घेतो. प्रथम त्वचेलगतचे स्नायू, मग मानेच्या बाजूचे, नंतर कंठिकास्थीच्या वरचे व खालचे, शेवटी मणक्यांना चिकटलेले खोल स्नायू, असा क्रम ठेवला आहे. प्रत्येक ठिकाणी आधी बहुमताची रचना, मग तिचे भेद, मग प्राण्यांतील सजातीय रचना आणि शेवटी शस्त्रवैद्यास त्याचा उपयोग. जेथे जत्रू, उरोस्थी, कंठिकास्थी असे रूढ शब्द आहेत तेथे ते घेतले. जेथे संस्कृत समास बनवावा तर तो मूळ लॅटिन नावाहून अवघड होतो, तेथे लॅटिन नावच देवनागरीत ठेवले, कारण वाचकाला पुढे दवाखान्यात तेच ऐकावयाचे आहे. वैद्यकाचा विद्यार्थी, आयुर्वेदाचा अभ्यासक, गावचा पशुवैद्य, परिचारिका आणि जिज्ञासू शेतकरी हे सर्व डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहे. त्यांच्यापैकी प्रत्येकाला काही प्रकरणे सोडून पुढे जाण्याची मुभा आहे.

एक विनंती मात्र सर्वांस आहे, विशेषतः तालुक्याच्या रुग्णालयांतून आणि जिल्ह्याच्या ठिकाणी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांस. मानेतील भेदांची जी माहिती आज ग्रंथांत आहे तिचा मोठा भाग लंडन, पॅरिस व डब्लिन येथील टेबलांवरून आलेला आहे. घाटमाथ्यावरील आणि नदीकाठच्या माणसांची मान तिच्यात फारशी आलेली नाही. म्हणून शस्त्रक्रियेत अनोळखी स्नायू दिसला, तर तो बाजूला सारून काम संपवताना पाच गोष्टी तरी टिपून ठेवाव्यात: तो कोणत्या बाजूला आहे, कोठून निघतो, कोठे संपतो, कोणता मज्जातंतू त्यात शिरतो, आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या पुढे आहे की मागे. रोग्याचे नाव त्यात घालण्याचे कारण नाही. पशुवैद्यांनी बैलाच्या मानेविषयी असेच करावे. अशा नोंदी पुरेशा जमल्या, तर प्रस्तुत पुस्तकातील पुष्कळ विधाने दुरुस्त करावी लागतील आणि काही कदाचित रद्दही ठरतील; ती तशी व्हावीत, याच अपेक्षेने हा ग्रंथ वाचकांच्या हाती देत आहे.